एकाच गावी दोन वेद्या

(पाठ: करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय १, ओव्या १० ते १७)



करिंथ येथील मंडळीत तट पडले आहेत, ही बातमी पौलास ख्लोवेच्या घरच्या माणसांनी कळविली. कोणी आपणास पौलाचा म्हणवीत होता, कोणी अपुल्लोसाचा, कोणी केफाचा. आणि कोणी तर प्रभूचे नावच तटाचे निशाण करून मिरवीत होता. ह्या चार नावांत एकही नाव वाईट माणसाचे नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावे. तट पडावयास दुष्ट पुढारीच लागतो असे नाही. सज्जनाचे नावही त्या कामी येते. पौलाने मात्र आपल्या नावाची बाजू घेणाऱ्यांस शाबासकी दिली नाही. उलट, आपल्या हातून तेथे फारच थोड्यांचा बाप्तिस्मा झाला ह्याबद्दल तो देवाचे आभार मानतो, कारण नाहीतर त्या गोष्टीचाही कोणी झेंडा केला असता. आपल्या नावाचा जयघोष ऐकून ज्यास लाज वाटली असा पुढारी हल्ली कोठे आढळतो, हे वाचकांनीच पाहावे.

हा पाठ मी पुष्कळदा वाचला होता व त्यावर उपदेशही केला होता. परंतु तो मला कळला तो एका कबरेपाशी.

काही वर्षांपूर्वी मी ज्या गावी सेवा करीत होतो तेथे ग्रामपंचायतीची निवडणूक आली. दोन पॅनेले उभी राहिली. आपली घरे पंधरा-वीस. त्यांतील काही ह्या पॅनेलात, काही त्या. ह्यात वावगे काही नव्हते. मतदानाचा हक्क देवाने दिलेल्या बुद्धीप्रमाणे वापरावा, आणि दोघा भावांची बुद्धी एकसारखी चालत नाही. परंतु निकाल लागला तेव्हा जिंकलेल्यांनी हरलेल्यांच्या दारासमोर मुद्दाम थांबून गुलाल उधळला. त्यानंतर पाणवठ्यावर बोलणे बंद झाले, लग्नाच्या पत्रिका बंद झाल्या, आणि उपासनेला येणारी माणसे मंदिरात दोन बाजूंस बसू लागली. दोन महिन्यांनी हरलेल्या बाजूची एक म्हातारी प्रभूमध्ये निजली. गावातील निम्म्या ख्रिस्ती मुलांस गीते तिनेच शिकविली होती. कबर खणावयास मात्र तिच्या बाजूचे चारच तरुण आले. जमीन मुरुमाची. बाकीचे पारावर बसून राहिले. त्यांत तिने ज्यांस मांडीवर बसवून गाणी शिकविली असेही होते. खड्डा पुरा होईपर्यंत दिवस कलला.

दोष त्यांचाच म्हणून मी हे लिहीत नाही. मतदानाच्या आदल्या रविवारी मी दुष्टांच्या मसलतीविषयीचे एक स्तोत्र वाचावयास निवडले होते, आणि वाचताना एका बाजूच्या बाकांकडे पाहिले होते. मी कोणाचे नाव घेतले नाही. घेण्याची गरजही नव्हती. त्याच आठवड्यात एका उमेदवाराविषयी मोबाईलवर आलेला एक मजकूर मी शहानिशा न करता चार जणांस पाठविला. तो खोटा निघाला. मी तो पुसून टाकला, पण ज्यांस पाठविला त्यांस तो खोटा असल्याचे कळविले नाही.

पुढे जुन्या मंडळीच्या इतिहासात मला आमच्याच गावाची गोष्ट सापडली. ती सोळाशे-सतराशे वर्षांपूर्वीची आहे, आणि रोमी साम्राज्याच्या आफ्रिका प्रांतातील आहे. आज जेथे ट्युनिशिया व अल्जेरिया हे देश आहेत, तेथे त्या काळी गहू व जैतून पिकविणाऱ्या शेतकऱ्यांची दाट वस्ती होती. कार्थेज ही त्यांची राजधानी होती, आणि खेडोपाडी ख्रिस्ती मंडळ्या होत्या.

इ. स. ३०३ मध्ये बादशाह डायोक्लेशन ह्याने हुकूम काढला की, ख्रिस्ती लोकांची मंदिरे पाडावी व त्यांची शास्त्रे जाळावी. अधिकारी गावोगाव पोथ्या मागत फिरले. कित्येकांनी पोथ्या देण्याचे नाकारून प्राण दिला. कित्येकांनी भिऊन दिल्या. काहींनी युक्ती केली: एका अध्यक्षाने पाखंडी मतांची पुस्तके पुढे केली, दुसऱ्याने वैद्यकाची. छळ ओसरल्यावर जे उरले त्यांच्यामध्ये एकच प्रश्न सुरू झाला: तेव्हा कोणी काय केले? हा प्रश्न लहान नव्हता. ज्याच्या बापाने पोथीसाठी रक्त सांडले त्याने, पोथी देणाऱ्याच्या हातून प्रभुभोजन घ्यावे काय?

साधारण ३११ च्या सुमारास कार्थेज येथे केसिलियन ह्यास अध्यक्ष नेमण्यात आले. नेमणूक घाईने झाली. नुमिदिया प्रांताचे अध्यक्ष येऊन पोहोचण्यापूर्वीच हात ठेवण्याचा विधी उरकला. ते आले तेव्हा रागावले. हात ठेवणाऱ्यांपैकी फेलिक्स ह्याने छळाच्या वेळी शास्त्रे अधिकाऱ्यांच्या हवाली केली होती असा त्याजवर आरोप होता. म्हणून ती नेमणूक व्यर्थ आहे असे सत्तर अध्यक्षांनी ठरविले, व मजोरिनस नावाच्या दुसऱ्या मनुष्यास नेमिले. तो लवकरच वारला व त्याच्या जागी दोनातस आला. त्याच्याच नावाने तो पक्ष पुढे ओळखला गेला. खुद्द त्या पक्षाचे लोक मात्र आपणास केवळ मंडळी म्हणत. दुसरा पक्षही आपणास केवळ मंडळीच म्हणत असे.

ह्या सिद्धांताच्या वादाखाली एक खाजगी राग दडलेला होता, तोही सांगितला पाहिजे. मिलेव्ह येथील अध्यक्ष ऑप्टेटस ह्याने लिहून ठेविले आहे की, कार्थेज येथे लुसिल्ला नावाची एक श्रीमंत बाई होती. प्रभुभोजनापूर्वी ती कोणा रक्तसाक्ष्याच्या अस्थीचे चुंबन घेत असे, म्हणून केसिलियनाने ती बाई चारचौघांत असता तिला टोकले होते. हा अपमान ती विसरली नाही. आणि केसिलियनाच्या विरुद्ध जो मजोरिनस उभा राहिला तो तिच्याच घरचा माणूस होता. ऑप्टेटस हा एका पक्षाचा लेखक, तेव्हा त्याचे म्हणणे थोडे काटून घ्यावे. तरी ज्याने खेड्यातील मंडळी पाहिली आहे त्यास ही हकीकत अशक्य वाटणार नाही.

फेलिक्सावरील आरोपाचे काय झाले? सरकारी चौकशी झाली, आणि ३१५ च्या सुमारास असे उघड झाले की, आरोपाचा आधार असलेल्या पत्रात इंजेंशियस नावाच्या एका मनुष्याने आपल्या पदरचा मजकूर घुसडला होता. त्याने तसे कबूलही केले. परंतु तोपर्यंत दोन अध्यक्ष, दोन वेद्या व दोन जमाव उभे राहिले होते. खोटे पत्र खोटे ठरले म्हणून कोणी घरी परत गेले नाही. ही ओळ वाचताना मला माझ्या मोबाईलवरील तो मजकूर आठवला.

दोनातसाच्या पक्षाने ३१३ मध्ये बादशाह कॉन्स्टंटाईन ह्याजकडे दाद मागितली. रोम येथे निवाडा विरुद्ध गेला. ३१४ मध्ये आर्ल येथील सभेतही विरुद्ध गेला. ३१६ मध्ये बादशहाने स्वतः केसिलियनाच्या बाजूने निकाल दिला. मग शिपाई आले, मंदिरे हिसकावली, माणसे मेली. ३२१ मध्ये बादशहाने हात आवरला. पण मेलेल्यांची नावे एका पक्षाच्या रक्तसाक्ष्यांच्या यादीत चढली होती, आणि ज्या तटास आपले रक्तसाक्षी मिळतात तो तट सहसा मोडत नाही. आपल्या महाराष्ट्रात २०२२ व २०२३ साली दोन मोठे राजकीय पक्ष दुभंगले, तेव्हा पक्षाचे मूळ नाव व चिन्ह कोणाचे हा वाद निवडणूक आयोगापुढे गेला व त्याने निर्णय दिले. नाव कोणास द्यावे हे आयोग ठरवू शकतो. दुभंगलेल्या गावकीस, भावकीस तो काय देणार?

आता त्या काळच्या खेड्यांत पाहा. शंभर वर्षे लोटली तरी बहुतेक प्रत्येक गावी दोन अध्यक्ष होते. दोघेही तेच शास्त्र वाचीत, तोच बाप्तिस्मा देत, त्याच प्रभूची भाकर मोडीत. हिप्पो नगराचा अध्यक्ष ऑगस्टीन आपल्या एका पत्रात खंत करतो की, नवराबायको एका अंथरुणावर निजतात पण एका वेदीपुढे येत नाहीत. आईबाप व मुले एका घरात राहतात पण देवाच्या घरात वेगळी होतात. त्याच नगरात, त्याच्या आधीच्या काळी, दोनातसाच्या पक्षाचा फॉस्टिनस अध्यक्ष होता. दुसऱ्या पक्षाचे लोक तेथे थोडे होते. त्याने हुकूम केला की, त्यांच्यासाठी कोणी रोटी भाजू नये. एक भटारी दुसऱ्या पक्षाच्या एका डीकनाच्या जागेत भाडेकरू होता. त्याने आपल्या मालकाच्या घरचे भिजविलेले पीठ भाजल्याशिवाय टाकून दिले. ऑप्टेटस आणखी सांगतो की, दुसऱ्या पक्षाचे मंदिर हाती आले म्हणजे हे लोक भिंती धुऊन काढीत, वेदीचे लाकूड खरवडीत, आणि त्या पक्षाच्या मृतांस आपल्या दफनभूमीत जागा देत नसत.

बंधूंनो, हे वाचून आपल्या अंगावर शहारे आले पाहिजेत. आपल्यापैकी पुष्कळांचे आजे-पणजे ज्या पायरीस शिवले ती पायरी लोक पाणी शिंपडून शुद्ध करून घेत. विहिरीवर व पंगतीत आपणांस कसे वागविले गेले ते घरोघरी ठाऊक आहे. प्रभूच्या मेजापाशी ती शिवाशिव नाही, एवढ्या एका सत्यासाठी त्यांतील कित्येकांनी गावाचा राग सोसला. त्यांची नातवंडे पॅनेलासाठी एकमेकांची रोटी बंद करितात! महाराष्ट्र सरकारने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ साली कायदा केला व २०१७ मध्ये तो अंमलात आला. बरे केले. कायद्याच्या भीतीने कोणी दळण दळून देईल, पाणी भरू देईल. मयताच्या घरी जाऊन बसावयास मात्र तो कोणास लावू शकत नाही.

त्या काळी मनुष्याचा पक्ष त्याच्या नमस्कारावरून ओळखत. एका पक्षाचे लोक भेटले म्हणजे देवाचे आभार मानीत. दोनातसाच्या पक्षाचे लोक देवाची स्तुती असो असे म्हणत. दोन्ही वचने पवित्र. परंतु त्या दुसऱ्या पक्षाच्या कडेस सोटे घेऊन हिंडणाऱ्या टोळ्या होत्या. त्या आपल्या सोट्यांस इस्राएल म्हणत, आणि देवाच्या स्तुतीची आरोळी ठोकून घरांवर पडत. सिंहाच्या गर्जनेपेक्षा लोक त्या स्तुतीस अधिक भीत, असे ऑगस्टीन म्हणतो. अल्जेरियातील जुन्या मंदिरांच्या पडक्या दगडांवर ती आरोळी कोरलेली आजही सापडते. देवाची स्तुती ऐकून शेजाऱ्याने दार लावून घ्यावे, अशी पाळी कोणत्याही मंडळीवर येऊ नये.

आपल्या काळीही हे दूर राहिलेले नाही. ज्या अमेरिकेतून १८१३ साली सुवार्तेसाठी पहिले अमेरिकन मिशनरी मुंबईस येऊन राहिले, त्या देशात १९६० साली लोकांस विचारिले होते की, तुमच्या मुलाने वा मुलीने दुसऱ्या राजकीय पक्षाच्या घरी लग्न केले तर तुम्हांस वाईट वाटेल काय? शंभरांत चार-पाच जणांनी होय म्हटले. २०१० साली अशाच प्रश्नास एका पक्षाच्या जवळजवळ निम्म्यांनी व दुसऱ्या पक्षाच्या तिसऱ्या हिश्शाने होय म्हटले. पक्ष ही जात होऊन बसली. ६ जानेवारी २०२१ रोजी वॉशिंग्टन येथील संसदभवनावर जमाव चालून गेला, तेव्हा त्या गर्दीत येशूच्या नावाचे झेंडे व क्रूस होते. ज्यांनी आपल्या वाडवडिलांस जातीचे बंधन पाप म्हणून शिकविले त्यांच्याच देशी हे घडावे, ह्याचे आपण समाधान मानू नये. त्यांच्यासाठी व आपल्यासाठी प्रार्थना करावी.

दोनातसाच्या पक्षाविषयी मात्र एक न्यायाचा शब्द बोललाच पाहिजे. छळात टिकलेल्यांचा मान राखावा ही त्यांची इच्छा वाईट नव्हती. आणि दुसऱ्या पक्षाचे हात स्वच्छ राहिले असेही नाही. आरंभी ऑगस्टीनाचे मत असे होते की, कोणास जबरीने मंडळीत आणू नये; बोलून, समजावूनच आणावे. पुढे सरकारी कायद्याच्या धाकाने लोक वळतात असे पाहून त्याने मत बदलले, आणि जेवणाच्या दाखल्यातील पाहुण्यांस आग्रहाने आत आणण्याविषयीचे प्रभूचे शब्द त्या जबरीच्या समर्थनास लावले. एवढ्या मोठ्या शिक्षकाच्या हातून ही मोठी चूक झाली असे मला वाटते. ४१२ च्या जानेवारीत निघालेल्या फर्मानाने दोनातसाच्या पक्षाच्या लोकांवर त्यांच्या दर्जाप्रमाणे दंड बसविले. सरदारांस सोन्याचा दंड, आणि जमिनीवर राबणाऱ्या कुळांस वारंवार फटके. दंड धनिकांनी भरला असेल. पाठ गरिबाची सोलली. पक्षांच्या भांडणात हा हिशेब अजून बदललेला नाही. पुढारी पक्ष बदलतो व पुन्हा एका मेजावर जेवतो, आणि त्याच्यासाठी भांडलेला मजूर पोलीसचौकीच्या फेऱ्या घालतो.

तरी त्याच आफ्रिकेत एक गोष्ट अशी घडली की, ती वाचून मी पुस्तक खाली ठेविले.

४११ च्या जून महिन्यात बादशहाच्या हुकमाने दोन्ही पक्षांचे अध्यक्ष कार्थेज येथे एकत्र आले. नोंदीत एका बाजूची २८६ व दुसऱ्या बाजूची २८४ नावे आहेत. मार्सेलिनस नावाचा सरकारी अधिकारी न्यायाधीश होता, व निकाल कोणीकडे जाणार हे बहुधा सर्वांस ठाऊक होते. बसा म्हटले तर दोनातसाच्या पक्षाचे लोक बसेनात. दुष्टांबरोबर बसू नये असे स्तोत्रात आहे म्हणाले. तेव्हा न्यायाधीशही उभाच राहिला. मग एकेका गावाचे नाव पुकारले जाई, तेथील एका पक्षाचा अध्यक्ष पुढे येई, आणि त्याच गावचा दुसऱ्या पक्षाचा अध्यक्ष त्यास समोर पाहून, होय, ह्यास मी ओळखतो, अशी साक्ष देई. वर्षानुवर्षे एका रस्त्याने जाणारी, एकमेकांस नमस्कार न करणारी माणसे सरकारी लेखकांसमोर एकमेकांस ओळखत होती!

ह्या सभेपूर्वी ऑगस्टीन व त्याच्या सोबतच्या अध्यक्षांनी न्यायाधीशास लेखी कळविले होते की, दुसरा पक्ष खरा ठरला तर आम्ही आमची पदे सोडू. आम्ही खरे ठरलो तर त्यांनी आमच्या बरोबरीने अध्यक्ष राहावे. आणि एका मंडळीत दोन अध्यक्ष लोकांस सोसत नसतील, तर दोघांनीही बाजूस होऊन तिसऱ्यास जागा द्यावी. हा ठराव सुमारे तीनशे अध्यक्षांपुढे मांडला तेव्हा अवघे दोघे नाराज दिसले, व तेही शेवटी वळले, असे ऑगस्टीनाने लिहून ठेविले आहे. जिंकूनही खुर्ची वाटून घेण्यास तीनशे माणसे तयार झाली. पुढच्या जबरीच्या फर्मानाने ह्या बोलण्याची चव घालविली हे खरे. ४२९ मध्ये वांडाल लोक आफ्रिकेत उतरले, ४३० मध्ये हिप्पो वेढ्यात असता ऑगस्टीन वारला, ४३९ मध्ये कार्थेज पडले. आणि दुखावलेली मने तशीच राहिली. तरी त्या दिवशीचा तो ठराव खोटा नव्हता.

उपदेशक बंधूंस व मंडळीच्या वडिलांस माझे मागणे एवढेच आहे. निवडणूक येईल तेव्हा ज्यास मत द्यावयाचे त्यास द्या, कोणासाठी प्रचार करावासा वाटला तर करा. पण उपासनेच्या मेजावरून, स्तोत्र निवडण्याच्या मिषानेही, करू नका. विजयी बाजूच्या ख्रिस्ती माणसाने निकालाच्या संध्याकाळी हरलेल्याच्या घरी जावे, आणि गुलाल धुऊन जावे. जो मजकूर खोटा निघाला तो ज्यांस पाठविला त्यांस तोंडाने तसे सांगावे. हे शेवटचे किती जड जाते ते मला ठाऊक आहे.

कबरेच्या त्या दिवसानंतर मी चार घरी गेलो व माझी चूक कबूल केली. दोन घरी चहा झाला. एका घरी मला हसले. एका घरी दार अर्धेच उघडले. ज्याच्याविषयी तो मजकूर होता त्याच्याकडे मी सर्वांत शेवटी गेलो, कारण मला भीती वाटत होती. तो ऐकून गप्प राहिला, व मग म्हणाला, "पाळकसाहेब, हे तुम्ही मंडळीसमोर बोलाल काय?" पुढल्या रविवारी मी बोललो.

आमच्याकडे प्रभुभोजनाची भाकर एकाच घरून येत असे. ती पाळीने प्रत्येक घरून यावी असे मी सुचविले, आणि पहिली पाळी ज्याने गुलाल उधळला त्याच्या घरी दिली. त्या रविवारी म्हातारीचा मुलगा शेवटच्या बाकावर बसून राहिला, मेजापाशी आला नाही. दुसऱ्या महिन्यातही आला नाही. तिसऱ्या महिन्याची भाकर त्याच्याच घरी भाजली गेली.